आतलं पिवळं

काळमेघ बाई प्रॅक्टिकलच्या खोलीत आल्या की आधी खिडक्या उघडायच्या, मग पदर कमरेला खोचायच्या आणि पर्समधून एक छोटा स्टीलचा चमचा काढून टेबलावर ठेवायच्या. तो चमचा ठेवल्याचा आवाज झाला की चाळीस मुली गप्प होत. खामगावच्या आमच्या मुलींच्या शाळेत बाईंनी गृहशास्त्र शिकवलं ते जवळजवळ तीस वर्षं. मी तिथे मराठी शिकवायला लागले तेव्हा त्यांची निम्मी नोकरी झाली होती. शिक्षक कमी, म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी गुणांचा तक्ता भरायला मला त्यांच्या मदतीला देत. बाईंना मी जवळून पाहिलं ते तिथेच, स्टोव्हच्या धगीत आणि कांद्याच्या वासात.

ठेंगणी बांधेसूद मूर्ती, कपाळावर बारीकशी टिकली, गळ्यात तुळशीची माळ. नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षीच गेलेला, मूलबाळ नाही. पिंपळगाव राजाच्या बाजूला सासरची भरपूर शेती होती, पण बाई खामगावात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. त्यांच्या घरातली भांडी आकारानं मांडलेली असत, आणि एखादं जागेवरून हललं तर त्यांना पाठमोरं असूनही कळत असे. बोलणं शुद्ध, पुस्तकी. मुलींनी "बाई, मले जमून नाई राह्यलं" म्हटलं की त्या म्हणायच्या, "मला जमत नाही, असं म्हण. आणि मग जमव." चिडल्या, की मात्र त्यांच्या तोंडून माहेरची वऱ्हाडी निघे.

"केलेलं चाखायचंच," हे त्यांचं आवडतं वाक्य. "कुणी हात भाजून घेऊन काही करतं आणि आपण नुसतं बघून पुढे जातो, याच्यासारखा दुसरा अपमान नाही." एकदा एका मुलीनं शिऱ्यात साखरेऐवजी मीठ घातलं. सगळा वर्ग खिदळत होता. बाईंनी तीन चमचे खाल्ले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "रवा उत्तम भाजलाय. आता डब्यांना चिठ्ठ्या लाव." ती मुलगी पुढे मलकापुरात खानावळ चालवू लागली आणि ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायची.

बाई प्रत्येक ताट चाखतात, अशी त्यांची ख्याती होती. मीही तसंच समजत होते. काही मुलींच्या वेळी बाईंची दाढ दुखायची, कधी घसा धरायचा, हे मला दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं, पण मी ते मनात कुठे मांडलं नव्हतं.

त्यांच्याकडे अमरावतीला शिकत असतानाची एक जाड वही होती. तिच्यात परदेशी पदार्थांचं एक प्रकरण होतं आणि त्यात स्कॉच एग. उकडलेल्या अंड्याला पीठ चोळायचं, त्याच्याभोवती मसाला घातलेल्या खिम्याचं जाड आवरण थापायचं, फेटलेल्या अंड्यात बुडवून टोस्टच्या चुऱ्यात घोळवायचं आणि मध्यम आचेवर तळायचं. बाईंनी ते कधी केलं नव्हतं, करणार नव्हत्या. पण दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी त्याचा उभा छेद काढायच्या. बाहेर तपकिरी, मग पांढरं, मध्ये पिवळं. पिवळ्याच्या कडेनं एक हिरवी रेघ ओढायच्या आणि विचारायच्या, "इथे काय चुकलं?" कुणालाच सांगता यायचं नाही. मग त्या सांगायच्या, "अंडं जास्त उकडलं. जास्त उकडलं की बलक कडेनं हिरवा पडतो." मुली विचारत, "बाई, हे कसं लागते?" बाई म्हणत, "पुस्तकात रुचकर लिहिलंय."

हे करून पाहायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. ज्योत्स्ना तायडेनं घेतलं.

ज्योत्स्ना अकरावीला होती. पिंपळगाव राजाहून रोज एसटीनं यायची. बौद्ध घरातली, वडील नव्हते, आई लोकांच्या शेतात कामाला जाई. पोरगी उंच, सडपातळ, आणि स्वयंपाकात तिचा हात असा की बाई इतर मुलींना तिच्या ओट्यापाशी उभं करून म्हणायच्या, "बघा, सुरी कशी धरली आहे." हजेरीत तिचा नंबर सतरा. वार्षिक प्रॅक्टिकलला मुलींनी आपापला पदार्थ निवडायचा असे. चिठ्ठीवर तिनं लिहिलं, स्कॉच एग. बाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कर."

परीक्षेच्या दिवशी बाई एकेका ओट्यापाशी थांबत होत्या. चमचा बुडवायचा, चाखायचं, भांड्यात धुवायचा, पुढे. मी मागून तक्ता घेऊन चालत होते. मांडणी, स्वच्छता, चव, असे तीन रकाने. सोळा मुली झाल्या.

ज्योत्स्नानं दोन बशा मांडल्या होत्या. एकीत खिम्याचं स्कॉच एग, मधोमध कापलेलं, कुठे तडा नाही, फाटलेलं नाही. दुसरीतही तसंच दिसणारं. तिनं दुसरी बशी पुढे सरकवली.

"बाई, हे तुमच्यासाठी केलं. याच्यात अंडं नाई आन् मटनही नाई. वरून आलू आन् डाळीचं हाय, पांढरं पनीरचं हाय."

आम्ही दोघी वाकून पाहू लागलो. खऱ्याशेजारी ठेवलं तरी ओळखू आलं नसतं. मध्ये पिवळा बलक, भुरभुरीत, आणि त्याच्या कडेनं केसाएवढी हिरवी रेघ. फळ्यावरची चूकसुद्धा तिनं उचलली होती. बाईंच्या चेहऱ्यावर मी इतका निखळ आनंद त्याआधी पाहिला नव्हता.

मग त्यांनी चमचा हातात घेतला. आणि तो तसाच धुण्याच्या भांड्यात ठेवून दिला.

"पोट भरलं गं आता," त्या म्हणाल्या. "किती खाणार माणूस? सुलभाताई, लिहा. मांडणी पाच, स्वच्छता पाच, चव चार."

मी लिहिलं.

"बाई," ज्योत्स्नाचा आवाज चढलेला नव्हता. "न चाखता चार कशे देले?"

"तुझा हात मला माहीत आहे ना, बाळा."

"हाव बाई," ती म्हणाली. "हात कोणाचा हाय थे तुमाले माहीत हाय."

बाई पुढच्या ओट्यापाशी गेल्या. अठरा नंबरच्या मुलीनं साबुदाण्याचे वडे केले होते. बाईंनी सवयीनं चमचा उचलला, वडा मोडला, तोंडात घातला. आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण घास तोंडात असताना त्या थांबल्या. मागे वळून मात्र त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. ज्योत्स्ना दोन्ही बशा डब्यात रिकाम्या करत होती. तिच्या बशीतलं उचलून खायला मला कुणी अडवलं नव्हतं. मीही खाल्लं नाही.

बारावीला ती आली नाही. लग्न जमलं म्हणे. तो विषय बाईंनी काढला नाही आणि मीही काढला नाही. वर्षं गेली.

बाईंच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. आम्ही दोघी बाजारात लिंबं घेत होतो. ज्योत्स्नाच्या वर्गातली एक मुलगी कडेवर लेकरू घेऊन भेटली. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि ती म्हणाली, "बाई, ज्योत्स्ना गेली, माहीत हाय ना? कावीळ झाली. दुसऱ्या खेपेचे दिवस होते. आठ दिवसांत गेली." बाईंनी हातातली लिंबं एकेक करून परत टोपलीत ठेवली. मग पिशवी न घेताच चालू लागल्या.

त्यानंतरच्या बाई वेगळ्या होत्या. हजेरी घेताना सतरावर त्या थांबायच्या. त्या वर्षी सतरा नंबरला दुसरीच कुणी मुलगी होती. ती "हजर" म्हणायची. तरी बाई दाराकडे पाहत राहायच्या. मुलींना सवय झाली, त्या हसेनाशा झाल्या. फळ्यावर छेद काढायला लागल्या की बाईंचा हात पिवळ्या खडूपाशी अडायचा. एकदा तर अर्धवट चित्र तसंच ठेवून खोलीबाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तास तू घे."

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी स्कॉच एग करायला घेतलं.

मला पहिल्यांदा कळलं ते वासानं. दुपारी त्यांच्याकडे गेले तर मागच्या पडवीत शेगडी, कढई, परातीत बटाट्याचा लगदा, ताटलीत टोस्टचा चुरा आणि पाटावर सहा गोळे मांडलेले. माळ गळ्यात तशीच. बाईंनी एक गोळा तेलात सोडला. तो फिरला, फुगला आणि फुटला. पनीरचे तुकडे तेलभर झाले.

"तिचं फुटलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

आवरण फुटू नये हे त्यांना महिनाभरात जमलं. आतल्या गोळ्याला आधी आरारूटचं पीठ चोळायचं, आवरण सगळीकडे सारखं थापायचं, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायचं. त्या पक्क्या शिक्षिका होत्या, सगळं लिहून ठेवत. पण खरा अडसर दुसराच होता. आत पिवळं काय घातलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी हरभऱ्याची डाळ शिजवून घातली. कोहळं, म्हणजे लाल भोपळा, घातलं. गाजर, मका, हळद लावलेला बटाटा, पुरणसुद्धा. प्रत्येक वेळी गोळा मधोमध कापून उजेडात धरायच्या. "हे सैल आहे. ते भुरभुरीत होतं." "हा रंग गडद झाला." "रेघ कशाची होती, सुलभा? कोथिंबीर होती का? की मुगाची सालं? तू पाहिलंस ना?" मी पाहिलं होतं, पण मला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, चाखून पाहा तरी. छान लागेल." त्या म्हणाल्या, "माझ्या हातचं चाखून काय कळणार मला?"

केलेलं त्या गल्लीतल्या घरांमध्ये वाटून टाकत. लोक आवडीनं खात. बायका म्हणायच्या, बाईंना उतारवयात छंद लागला. मीही तसंच म्हणत असे, एका दुपारपर्यंत. त्या दिवशी मी पुढच्या दारातून आत गेले आणि पडवीतून बाईंचा आवाज आला. कुणी तरी आलंय असं वाटून मी थबकले.

"हे बघ गं. आता तरी तसं झालंय का? सांग ना वं. काऊन बोलत नाहीस?"

मी डोकावले. पडवीत कुणी नव्हतं. पाटासमोर दुसरा पाट मांडलेला होता आणि त्याच्यापुढे बशीत कापलेला गोळा. बाई त्या रिकाम्या पाटाकडे पाहत होत्या. उत्तराला वेळ द्यावा तेवढा वेळ थांबल्या. मग बशी उचलून बाजूला ठेवली आणि नवा लगदा मळायला घेतला.

मी आल्या पावली मागे फिरले, बाहेरून कडी वाजवली आणि पुन्हा आत गेले. दुसरा पाट तोवर भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

चहा घेताना मी म्हटलं, "तिची आई आहे, बाई. तिला विचारू."

बाईंनी कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "ती मला दारात उभं करील का?"

"नाही केलं तर परत येऊ."

पुढच्या आठवड्यात सकाळच्या एसटीनं आम्ही पिंपळगाव राजाला गेलो. बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या आणि ओठ हलत होते, पाठांतर केल्यासारखे. घर सापडायला त्रास झाला नाही. पुढे शेणानं सारवलेला ओटा, त्यावर गयाबाई, म्हणजे ज्योत्स्नाची आई, सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. वाळलेली, काटक बाई. आम्हाला पाहून सूप थांबलं.

"गयाबाई, मी काळमेघ. शाळेतली."

"वळखलं म्या," गयाबाई म्हणाल्या. "बसा."

आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली ज्योत्स्नाचा लग्नातला फोटो, त्याला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार. बाई फोटोकडे पाहून दारातच थांबल्या, मग आमच्याबरोबर जमिनीवर बसल्या. गयाबाईंनी पोरीच्या आजारपणाचं थोडक्यात सांगितलं. नात बापाकडे मलकापुरात असते, दिवाळीत येते. धाकटा मुलगा सुरतेला कामाला आहे.

"तिनं एक पदार्थ केला होता," बाई म्हणाल्या. "परीक्षेला. माझ्यासाठी वेगळा."

"थे इंग्रजी अंडं."

"हो. त्याच्या आत पिवळं होतं. ते कशाचं केलं होतं तिनं?"

गयाबाईंनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. एवढं विचारायला या दोघी खामगावहून आल्या, हे त्यांना खरं वाटत नसावं.

"मले नाई माहीत," त्या म्हणाल्या. "दोन दिस झपाटल्यावानी करत होती पोरगी. चुलीपाशी येऊ देत नोती मले. म्या इचारलं, काय घातलं वं आत? तं म्हणे, तुले नाई सांगत. बाई खातीन आन् मले इचारतीन, ज्योत्स्ना, आत काय घातलं? मंग त्यायलेच सांगीन. त्यायच्या आंधी कोणाले नाई."

बाईंनी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते.

"मी खाल्लं नाही, गयाबाई."

"माहीत हाय. डबा भरेल आला होता. लहान्यानं हात घातला तं त्याले झोडपलं तिनं. त्या दिशी जेवली नाई. सकाळी पाह्यलं तं डबा धुयेल होता. टाकलं का खाल्लं, काई समजलं नाई."

"पोट भरलं होतं असं मी तिला सांगितलं. खोटं होतं ते." बाईंचा आवाज लहान झाला. "माही चूक झाली."

गयाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नाही नाही, असू द्या, झालं गेलं, असलं काही ऐकायला मी कान टवकारले होते. ते आलं नाही.

"हाव," त्या म्हणाल्या. "झाली."

मग उठल्या, चूल फुंकली आणि कोरा चहा केला. बाई तो कप दोन्ही हातांत धरून शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. निघताना त्या गयाबाईंच्या पाया पडायला वाकल्या, तर गयाबाई पाय मागे घेऊन म्हणाल्या, "हे नका करू." आम्ही निघालो. मागे सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

त्या दिवसानंतर बाईंनी कढई काढली नाही. पडवीतली शेगडी देऊन टाकली. त्यांचं मन निवलं, असं मी समजले. पण महिन्याभरानं कळलं की बाई अधूनमधून एकट्याच पिंपळगावला जातात. एकदा बाजाराच्या दिवशी गयाबाई भेटल्या तेव्हा मी विचारलं, "बाई येतात का हो तुमच्याकडे?"

"येतात. काई बोलत नाईत. बसतात, चा पेतात, जातात."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हनू? माह्या पोरीपाशी येतात त्या. माह्यापाशी नाई येत."

दोनेक वर्षं असंच चाललं. मग गयाबाईंचे डोळे अधू झाले आणि मुलानं त्यांना सुरतेला नेलं. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या मान हलवून "बरं झालं" म्हणाल्या आणि वाल सोलत राहिल्या. त्यांचा आहार तुटत चालला होता. नाशिकची पुतणी त्यांना घेऊन जायला येणार होती, दोनदा तारीख ठरली आणि दोनदा बाईंनी पुढे ढकलली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पिंपळगाव राजालाच. एका लग्नाला निघाले होते. भर दुपार. बस थांब्यावर उभी राहिली आणि खिडकीतून गयाबाईंचं घर दिसलं. दाराला कुलूप होतं, आणि सारवण उखडलेल्या ओट्यावर काळमेघ बाई बसल्या होत्या. पर्स मांडीवर, पाठ ताठ, तोंड दाराकडे. शेजारची बाई अंगणातून त्यांना काहीतरी सांगत होती, हातानं कुलूप दाखवत होती. बाई ऐकत होत्या, मान डोलावत होत्या.

मी खिडकीतून हाक मारली, "बाई!" त्यांनी ऐकलं नाही. मी उतरायला उठले तोवर कंडक्टरनं घंटी दिली आणि बस हलली. मी मागच्या काचेशी गेले. बाई उठताना दिसल्या. मला वाटलं, निघाल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, दाराशी गेल्या, कुलपाशेजारची कडी दोनदा वाजवली आणि दार उघडेल एवढी जागा सोडून उभ्या राहिल्या.